ईशान्येकडे त्रेसष्ट सेंटिमीटर

सौंसरचे गुणवंता सोमकुंवर जमिनी मोजायचे. जी गोष्ट मोजता येत नाही तिच्यावर ते विश्वास ठेवत नसत, आणि जी मोजता येते तिच्यावरही लगेच ठेवत नसत, दुसऱ्यांदा मोजत. लग्नात सासऱ्यांनी दिलेला पलंग सहा फुटी आहे असं सगळे म्हणत होते, तो पाच फूट अकरा इंच निघाला. ही गोष्ट त्यांनी एकतीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, पण विसरलेही नव्हते.

असा माणूस खासगी मोजणीच्या धंद्यात आला, ही तालुक्याची सोयच झाली. शेतकऱ्याला मोजणीवाला संशयीच लागतो. फक्त त्यानं संशय शेजाऱ्यावर घ्यावा, आपल्यावर नाही, एवढी अट असते.

त्यांच्याकडे दोन पिवळे रिसीव्हर होते, २०१३ साली घेतलेले. एकाला बेस म्हणत. तो तिवईवर, पक्क्या खिळ्याच्या डोक्यावर, एका जागी बसून राहायचा. दुसरा रोव्हर. तो काठीच्या टोकाला बसून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, हिंडायचा. दोघंही आभाळातल्या उपग्रहांचं ऐकायचे, आणि हिंडणाऱ्याची जी चूक व्हायची ती बसलेला दुरुस्त करायचा, म्हणजे घरोघरी चालतं तसंच. या जोडीच्या जोरावर सोमकुंवरांनी सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात हद्दीचे शेकडो गोटे गाडले. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमारीत गोटे उडतात तेवढे उडतात. बाकी वर्षभर गोट्यानं जमिनीत गुमान बसावं अशी अपेक्षा असते, आणि सोमकुंवरांचे गोटे ती पाळत.

पण मशीन म्हातारं झालं. मोकळ्या वावरात ठीक. संत्र्याच्या बगीच्यात शिरलं की रोव्हरला उपग्रह सापडेनात. पांढुर्ण्याच्या मयूर गावंडेनं, म्हणजे सोमकुंवरांच्याच धंद्यातल्या बत्तीस वर्षांच्या पोरानं, नवीन पांढरं मशीन आणलं होतं. ते झाडाखाली आठ मिनिटांत आकडा द्यायचं. इकडे सोमकुंवर काठी धरून चाळीस मिनिटं उभे. बोरगावच्या एका शेतकऱ्यानं तर दुसरा चहा आणून देताना विचारलंच, "साहेब, अजून सॅटेलाइटच पाहून राहिलं का थे? मी पाठवू का कोणाले शोधाले?"

हे वाक्य सोमकुंवरांना लागलं. घरी येऊन त्यांनी शोभाताईंना सांगितलं, "मशीन सुधरवा लागते."

शोभाताई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि नवऱ्याला तिसरीच्या वर्गासारखंच सांभाळायच्या. म्हणाल्या, "मंग सुधरवा. फक्त ज्याच्याकडे द्याल त्याले चोर म्हणू नका. निदान पहिल्या दिवशी."

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तृप्ती नावाची इंजिनिअर होती. फोनवर ती म्हणाली, "सर, नवीन घ्यायची गरज नाही. डबा तोच राहील, आतला बोर्ड बदलू, नवीन सॉफ्टवेअर टाकू. आत्ता तुमचा रिसीव्हर दोनच देशांचे उपग्रह ऐकतो, मग चार ठिकाणचे ऐकेल."

आता ग्राहकाला नवीन वस्तू विकायचं सोडून जी बाई जुनीच वापरा म्हणते, तिच्यावर संशय घेऊ नये तर कोणावर? सोमकुंवरांना कळून चुकलं की बोर्ड बदलण्याच्या नावाखाली आतले चांगले पार्ट काढून घेतले जाणार. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शोभाताईंची लाल नेलपॉलिश घेतली आणि रोव्हरच्या प्रत्येक स्क्रूवर एकेक ठिपका दिला. कोणी उघडलं की ठिपका तुटणार. ठिपके वाळेपर्यंत फुंकर मारत बसलेल्या नवऱ्याकडे पाहून शोभाताई काही बोलल्या नाहीत. एकतीस वर्षांत माणूस शिकतो.

दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन ते बसने नागपूरला गेले. तृप्तीनं डबा उलटा केला, ठिपके पाहिले आणि विचारलं, "सर, हे काय?"

"निशाणी हाय. उघडलं त समजते."

"पण सर, बोर्ड बदलायचा म्हटलं तर उघडावंच लागेल ना?"

या बाजूनं सोमकुंवरांनी विचार केलेला नव्हता. ते म्हणाले, "उघडा. मी पाहून राहिलो." आणि अकरा वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत काचेच्या दाराला नाक लावून बसले. आत काय चाललं ते काहीच कळलं नाही, पण आतल्या लोकांना कोणीतरी पाहतंय हे कळत राहिलं, हेही नसे थोडके.

पाच वाजता तृप्तीनं डबा हातात दिला. "झालं सर. आणि आता बेस लावायची गरज नाही. दुरुस्ती वरूनच येते."

"वरून म्हंजे?"

"सॅटेलाइटवरून. थेट."

सोमकुंवरांनी वर छताकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी वरून आलेले पुष्कळ आदेश पाहिले होते, पण वरून दुरुस्ती आलेली एकदाही पाहिली नव्हती.

तृप्तीनं सांगितलं होतं की पहिले दोन दिवस मशीन मोकळ्या आभाळाखाली चालू ठेवा. मोकळं आभाळ म्हणजे घराची गच्ची. तिवईवर पिवळा डबा उभा राहिला, हिरवा दिवा लुकलुकायला लागला, आणि अर्ध्या तासात शेजारचे कवडूजी जिना चढून वर आले. कवडूजी वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. आकाशाकडे तोंड केलेल्या प्रत्येक वस्तूवर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटे.

"गुणवंता, टॉवर लावून राहिला का बाप्पा?"

"टॉवर नाही कवडूभाऊ, रिसीव्हर हाय. हे फक्त ऐकते. काही सोडत नाही."

"ऐकते?" कवडूजींनी आवाज खाली आणला. "काय ऐकते?"

इथे सोमकुंवरांनी नीट समजावून सांगायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, हा माणूस एवढं काहून विचारून राहिला? याला मयूर गावंडेनं तर पाठवलं नाही? म्हणून ते म्हणाले, "तुमाले काय करा लागते?"

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन मतं तयार झाली. एक, हे मशीन घराघरांतलं बोलणं ऐकतं. दोन, ते किरणं सोडतं. समोरच्या इंदूबाईंनी दोन्ही मतं स्वीकारली. त्यांची सरगुंडे वाळत घातलेली खाट गच्चीवर होती. ती त्यांनी आत नेली, आणि मालिका ऐन रंगात आली असताना टीव्हीवरचं चित्र अडकलं तेव्हा पदर खोचून हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

तिसऱ्या दिवशी एका कार्यालयातून माणूस आला. भला होता बिचारा. त्यानं डबा पाहिला, तिवईला प्रदक्षिणा घातली, आणि मोबाइलवरचा फॉर्म उघडला. फॉर्ममध्ये छतावरच्या वस्तूंचे तीनच प्रकार होते: टॉवर, जाहिरात फलक आणि पाण्याची टाकी.

"यातलं काय हाय हे?" त्यानं विचारलं.

"यातलं काहीच नाही."

"काहीच नाही असं तर लिहिता येत नाही न जी. टॉवर लिहिलं त परवानगी लागते. फलक लिहिला त फोटो लागते." थोडा विचार करून त्यानं सोमकुंवरांवर उपकार केला. "टाकी लिहितो. रिकामी."

अशा रीतीनं चार ठिकाणचे उपग्रह ऐकणारा रिसीव्हर नोंदीत रिकामी टाकी झाला. आणि आठ दिवसांनी सोमकुंवरांच्या मोबाइलवर संदेश आला की डासांचा हंगाम असल्यामुळे आपली टाकी आतून घासून घ्यावी. त्यांनी तो तीनदा वाचला. त्यांना त्यातही डाव दिसला.

पण खरा धक्का वेगळाच होता.

शाळेच्या आवाराच्या कोपऱ्यात सोमकुंवरांनी २०१३ साली सिमेंटात पितळी खिळा बसवला होता. या खिळ्याची जागा त्यांना मुलीच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ होती. नवीन मशीन तपासायला म्हणून त्यांनी काठी त्या खिळ्यावर ठेवली. आठ मिनिटांत आकडा आला. तो जुन्या आकड्यापेक्षा त्रेसष्ट सेंटिमीटर वेगळा होता. दिशा ईशान्य.

त्यांनी पुन्हा मोजलं. त्रेसष्ट. काठी काढून, पुसून, पुन्हा ठेवून मोजलं. त्रेसष्ट.

शेतीत त्रेसष्ट सेंटिमीटर म्हणजे काय, हे शेती नसलेल्याला सांगून उपयोग नाही. दोन फूट. दोन फुटांसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत.

सोमकुंवर मोटारसायकलीवर बसून बोरगावला गेले. तिथला गोटा मोजला. त्रेसष्ट, ईशान्य. सावरगावला जाऊन मोजला. त्रेसष्ट, ईशान्य. चोर कधी सगळ्या घरांतून सारखी वस्तू नेत नाही, आणि इथे तर शंभर मैलांच्या आत जिथे काठी टेकावी तिथे तोच आकडा. आधी त्यांनी तृप्तीवर संशय घेतला: बोर्ड खराब दिला. मग मयूर गावंडेवर घेतला: रातोरात सगळे गोटे हलवले. बोरगावला तर ते गोट्याभोवती उकिडवे बसून माती ताजी उकरलेली दिसते का ते बोटानं चाचपत होते, आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं "काही हरपलं का भाऊ?" असं विचारलं.

हरपलं होतंच. कारण तिसरा संशय आता दारात येऊन उभा होता. तो त्यांनी आजवर कधी घेतला नव्हता: की चूक आपलीच असेल. बारा वर्षं, शेकडो गोटे, सगळे दोन दोन फूट चुकीचे.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. शोभाताईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "पोटात गडबड हाय." मात्र कवडूजींनी फाटकापाशी विचारलं, "मशीन कसं हाय गा?" तेव्हा दुःखाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कवडूभाऊ, नवीन मशीन म्हंते सगळे गोटे दोन फूट खसकले."

कवडूजींना सांगितलेली गोष्ट आणि तारेत सोडलेला करंट, दोन्ही परत घेता येत नाहीत. दोन दिवसांत ती रामाकोन्याला पोचली.

रामाकोन्याला मनोहर कामडे आणि राजू कामडे या चुलतभावांचे संत्र्याचे बगीचे लागून होते. मधल्या धुऱ्यावरून ते अकरा वर्षं भांडले. २०१३ सालीच सोमकुंवरांनी तिथे तीन गोटे गाडले आणि भांडण मिटलं, म्हणजे बोलणं सुरू झालं नाही, पण काठ्या ठेवल्या गेल्या. आता बातमी आली की गोटे ईशान्येला सरकलेले आहेत. मनोहरचा बगीचा ईशान्येला होता. गोटे मागे घेतले तर दोन फुटांचा पट्टा त्याच्याकडे येत होता. त्यामुळे मनोहर एका दिवसात विज्ञानवादी झाला.

त्यानं फोन केला. "साहेब, जमाना नवीन मशीनचा हाय. रविवारी या आन् गोटे बरोबर करून द्या."

पाच मिनिटांनी राजूचा फोन. "साहेब, जुनं थे जुनं. माया गोट्याले हात लागला त मी वावरात झोपतो, वरून ट्रॅक्टर न्या." आणि पुढे तो असंही म्हणाला की तुमचा भरोसा नाही, तुमी मनोहरचा चहा पिऊन तिकडं फिरले असान, म्हणून मी पांढुर्ण्याहून मयूर गावंडेलेही बलावलं हाय.

सोमकुंवरांनी फोन ठेवला. नवीन मशीन खरं म्हटलं तर आपण बारा वर्षं लोकांना फसवलं. जुनं खरं म्हटलं तर नव्यावर पैसे घालून आपण फसलो. दोन्हीकडून बेइज्जती, आणि तीही मयूर गावंडेसमोर.

त्यांनी तृप्तीला फोन लावला आणि आवाज चढवून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमचे जुने आकडे कोणत्या वर्षीचे?"

"दोन हजार तेरा."

"मग बरोबर आहे सर. जमीन सरकली."

"कोणाची?"

"सगळ्यांची. आपला अख्खा भारतच ईशान्येकडे सरकतो. वर्षाला पाचेक सेंटिमीटर. बारा वर्षांचे साठ-पासष्ट होतातच."

सोमकुंवरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दुकानदारानं काय काय कारणं द्यावीत याची त्यांना कल्पना होती. व्होल्टेज कमी-जास्त होतं, तुम्ही नीट वापरलं नाही, पाणी गेलं असेल. पण वस्तू बरोबर आहे, देश सरकला, हे कारण त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"बाई," ते म्हणाले, "जुनं मशीन बारा वर्षं बरोबर सांगत होतं. त्याले काहून नाही समजलं देश सरकून राहिला म्हणून?"

"कारण तुम्ही बेस खिळ्यावर लावायचे आणि त्याला दरवेळी २०१३ चाच आकडा सांगायचे. तो बिचारा तुमच्यावर विश्वास ठेवायचा. नवीन मशीन कोणाचंच ऐकत नाही सर, स्वतः वर विचारून घेतं."

हे वाक्य मात्र सोमकुंवरांना आवडलं. मशीनबद्दल त्यांना पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली. तरी त्यांनी शोभाताईंसमोर सगळं प्रकरण ठेवलं, आणि "काय काय सांगतेत पाह्य लोक" असं म्हणून त्या हसण्याची वाट पाहिली.

शोभाताई हसल्या नाहीत. कणीक मळता मळता म्हणाल्या, "मंग पाहून घ्या न. शाळेत तुमचे दोन खिळे हायेत. दोघांतलं अंतर मोजा. एकटा खसकला असन त अंतर बदललं राहीन. सगळंच खसकलं असन त तेवढंच राहीन."

बारा वर्षं आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचली नव्हती. त्यांनी ती आपल्यालाही सुचणारच होती अशा चेहऱ्यानं ऐकली. सकाळी शाळा भरायच्या आधी दोघं मैदानात गेले. शोभाताईंनी पोलादी टेपचं एक टोक धरलं. जुन्या फील्डबुकात अंतर लिहिलं होतं एक्केचाळीस मीटर सव्वीस. टेपवर आलं एक्केचाळीस मीटर सव्वीस. सोमकुंवरांनी टोकं बदलून पुन्हा मोजलं, कारण शोभाताई आपल्या बायको असल्या तरी टेप सैल धरणार नाहीत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तेवढंच आलं.

रविवारी रामाकोन्याला साठ-सत्तर माणसं जमली. काही बोरगावहून आली होती; त्यांचा धुऱ्याशी संबंध नव्हता, पण दुसऱ्याचा धुरा पाहायला कोणाला आवडत नाही? मनोहर पांढरा सदरा घालून विज्ञानाच्या बाजूला उभा होता. राजू गोट्यावरच बसला होता. मयूर गावंडे आपलं पांढरं मशीन पेटीत ठेवून झाडाखाली थांबला होता. त्याचा चेहरा जरा उतरलेला होता, पण सोमकुंवरांना वाटलं, नाटक करून राहिला.

ते कोणतंच मशीन न उघडता पुढे आले. हातात फक्त पोलादी टेप आणि कडा फाटलेलं फील्डबुक. फील्डबुक त्यांनी मयूरच्या हातात दिलं. "तू वाच. माया बाजूनं तू बोलणार नाही, हे इथं सगळ्याईले मालूम हाय."

मग टेपचं एक टोक मनोहरच्या हातात दिलं, दुसरं राजूच्या. दोघं चुलतभाऊ बारा वर्षांत एवढ्या जवळून एका वस्तूला धरून उभे राहिले नव्हते.

"विहिरीचा कोपरा ते पहिला गोटा," मयूरनं वाचलं. "एकतीस मीटर बेचाळीस."

टेपवर एकतीस बेचाळीस. दोन्हीकडच्या चार-चार माणसांनी वाकून पाहिलं.

"पहिला गोटा ते दुसरा. शेहेचाळीस शून्य आठ."

शेहेचाळीस शून्य आठ.

"दुसरा ते तिसरा. बावीस पंच्याहत्तर."

"बावीस शहात्तर!" मनोहर ओरडला. "एक सेंटिमीटर हाय! पाहा, हाय का नाही?"

"थो तुया ढिल्या हाताचा हाय," पलीकडून राजू म्हणाला. "ओढ न बे."

"ओढतो न. तू गोट्यावर बरोबर धर पहिले."

मनोहरनं ओढलं. बावीस पंच्याहत्तर. लोक मात्र टेपकडे पाहतच नव्हते. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले होते. गावानं ऐकलं होतं. एका म्हाताऱ्यानं तर शेजारच्याला कोपरानं ढोसलं.

आता सोमकुंवरांनी सांगितलं. गोटे जागच्या जागी आहेत. जमीन सरकली, पण सगळ्यांची, सारखी, गोट्यांसकट.

मग प्रश्न सुरू झाले.

"विहीरही?"

"विहीरही."

"पाण्यासकट?"

"पाण्यासकट."

"ईशान्येले म्हंता. म्हंजे नागपूर दूर चाललं?" हा प्रश्न ज्याची संत्री नागपूरला जात त्याचा होता.

"नागपूरही मांगं मांगं येऊन राहिलं."

"तहसीलमंधी मालूम हाय का हे?" एकानं हळूच विचारलं. "नाही त फेरफार करा लागन."

मनोहर मान हलवत होता. "साहेब, पटत नाही. एवढी जमीन खसकली आन् आमाले काहीच समजलं नाही? घरातले भांडे नाही हालले?"

उत्तर राजूनं दिलं. गोट्यावरून न उठता. "दोन वर्सांआधी आपुन छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा जिल्ह्यात गेलो, मनोहर. तवा तुये भांडे हालले होते का?"

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. सरकारनं हलवलं तरी कळत नाही, तर देवानं हलवलेलं काय कळणार? मनोहरही हसला, आणि हसल्यावर विज्ञानवादी राहणं त्याला अवघड झालं. मयूरनं तिथेच कागदावर पंचनामा लिहिला: "जमीन सरकली आहे. सर्वांची सारखी सरकली आहे. कोणाची तक्रार नाही." दोघा भावांनी सह्या केल्या. बोरगावच्या तिघांनीही केल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गर्दी पांगली. सोमकुंवर टेप गुंडाळत होते, आणि खोटं कशाला बोला, छाती थोडी पुढे आली होती. तेवढ्यात मयूर जवळ आला.

"काका, एक इचारू का?"

"इचार."

"तुमचे तेराचे आकडे लोकाईच्या कागदावर राहतेत. मांगच्या साली मी तेच घेऊन माया मशीननं सावरगावले हरपलेले गोटे परत गाडले. बेस न लावता. म्हंजे... म्हंजे थे गोटे..."

"दोनेक फूट नैर्ऋत्येले," सोमकुंवर म्हणाले. "किती हायेत?"

"सत्तावीस."

सोमकुंवरांनी टेप पेटीत टाकला. मयूर गावंडेवर त्यांनी गोटे हलवल्याचा संशय घेतला होता, आणि त्यानं खरंच हलवले होते. आपला संशय खरा निघाला की माणसाला आनंद व्हायला पाहिजे. सोमकुंवरांनी तो होण्याची वाट पाहिली. झाला नाही. डोळ्यांसमोर आपण बोरगावला उकिडवे बसून माती चाचपत होतो ते दिसलं, आणि त्या रात्रीची उपाशी झोप आठवली. या पोराच्या तशा किती रात्री गेल्या असतील कोण जाणे.

"कोणाले सांगतलं का?"

"नाही."

"मंग बस गाडीवर."

सावरगावला पहिला गोटा नलिनीबाईंच्या वावरातला होता. नलिनीबाई साठीच्या, विधवा, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एकटीनं करणाऱ्या. त्यांच्या धुऱ्यापलीकडचं वावर कोणा नागपूरकराचं होतं, जो फक्त हुरडा खायला यायचा. दोघा मोजणीवाल्यांना एकाच गाडीवरून उतरताना पाहून त्यांनी विळा खाली ठेवला नाही.

"आता काय झालं?"

मयूर मागे गाडीपाशीच थांबला. तेव्हा सोमकुंवर पुढे झाले आणि त्यांनी आयुष्यात कधी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं. "बाई, मांगच्या साली आमच्या हातून इथं चूक झाली असन. गोटा दोन फूट आत आला असन तुमच्या वावरात. पाहून घेतो." मयूरनं दचकून त्यांच्याकडे पाहिलं. ते 'आमच्या' म्हणाले होते.

नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यापासून त्यांनी टेप धरला. फील्डबुकात अठ्ठावीस मीटर साठ. टेपवर आलं अठ्ठावीस मीटर बासष्ट. सोमकुंवरांनी पुन्हा मोजलं. अठ्ठावीस बासष्ट. बोटाच्या रुंदीएवढा फरक, तोही गवताचा. गोटा जिथे पाहिजे तिथेच होता.

मयूर गोट्याभोवती फिरला. "काका, मी इथं नव्हता गाडला," तो पुटपुटला. "मी त्या बोरीच्या अलीकडं गाडला होता. मले पक्कं आठवते."

बोरीच्या अलीकडे, दोन फुटांवर, बुजवलेल्या खड्ड्यावर वेगळ्या रंगाचं गवत उगवलं होतं.

सोमकुंवरांनी गवताकडे पाहिलं, गोट्याकडे पाहिलं, मग नलिनीबाईंकडे. "बाई, हा गोटा कोणं हालवला?"

नलिनीबाईंनी पदर सारखा केला. सकाळची रामाकोन्याची बातमी नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत केव्हाच आली होती.

"कोण हालवते जी?" त्या म्हणाल्या. "जमीनच खसकली म्हंता न तुमी?"

संशयाच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण आपल्या तोडीचं माणूस सोमकुंवरांना पहिल्यांदाच भेटत होतं. मयूर काही बोलणार तोच त्यांनी त्याच्या पायावर पाय ठेवला, फील्डबुक उघडलं आणि गोट्यापुढे लिहिलं: बरोबर.

"चाल," ते म्हणाले. "सव्वीस राहिले."